मुंबईची वाट

लग्नसराई जवळ आली की आमच्या बाग सेवनियात एक प्रश्न हटकून कानी पडतो : मुंबईला कसे जाणार? पूर्वी लोक 'कधी जाणार' असे विचारीत. 'कसे' हे विचारण्याचे कारणच नसे. मुंबईला जावयाचे ते आगगाडीने, हे गृहीत असे. आता घरोघरची तरुण मंडळी हातातल्या यंत्रावर दोन मिनिटांत हिशेब मांडून दाखवितात. विमानाला दीड तास, गाडीला तेरा-चौदा. तिकीट आगाऊ काढले तर गाडीच्या वरच्या वर्गाहून फारसा फरक नाही. मग रात्रभर हाडे खिळखिळी करून घेण्यात शहाणपण ते कोणते? वडीलधारी माणसे मान डोलावतात आणि विमानाची तिकिटे निघतात.

माझे म्हणणे असे की, या हिशेबाने मुंबई जवळ आली खरी, पण महाराष्ट्र दूर गेला. आणि आपणां माळव्यातल्या, ग्वाल्हेरकडच्या, भोपाळातल्या मराठी घरांना मुंबईपेक्षा महाराष्ट्र जवळ असण्याची गरज अधिक आहे.

बाग सेवनिया कोठे, असे इंदूर-देवासचे वाचक विचारतील. भोपाळच्या दक्षिण अंगाला, नर्मदापुरमच्या रस्त्याकडे, बरकतउल्ला विद्यापीठ आणि एम्स रुग्णालय यांच्या शेजारची ही वस्ती. नाव बागेचे, पण आता बाग शोधू नये. भोपाळात मराठी माणसे दोन वाटांनी आली. काही जुन्या संस्थानी काळापासूनची. पण पुष्कळशी १ नोव्हेंबर १९५६ नंतरची. त्या दिवशी नवे मध्यप्रदेश राज्य झाले, राजधानी नागपूरहून भोपाळला आली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि नागपूरचे, ग्वाल्हेरचे, इंदूरचे कारकून, शिक्षक, अभियंते आपापली बिऱ्हाडे घेऊन तलावाकाठी उतरले. मागोमाग हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना आला. तेव्हा आमच्यातल्या कोणाचे आजोळ नागपूरला, कोणाचे लष्करात, कोणाचे राजवाड्याच्या बोळात. पण नोकरीला लागलेली मुले आज बहुतेकांची मुंबई-पुण्याकडे. ही आमची वंशावळ, आणि ही आमच्या प्रवासाची निकड.

येथून रेल्वेचे राणी कमलापती स्थानक (२०२१ पर्यंत त्याचे नाव हबीबगंज होते) रिक्षाच्या टप्प्यात आहे. उलट राजा भोज विमानतळ शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला, बैरागडच्या बाजूस. सगळे भोपाळ ओलांडावे तेव्हा तो दिसतो. दीड तासाच्या उड्डाणाला घरून चार तास आधी निघावे लागते. उतरावयाचे सांताक्रूझ-अंधेरीला, आणि आपले 'मुंबईचे' नातेवाईक राहतात डोंबिवलीस! भोपाळहून जाणारी गाडी मुंबईच्या आधी कल्याणलाच थांबते, हे तरुण मंडळींच्या हिशेबात येत नाही. पण हा वाद मला वेळेवर जिंकावयाचा नाही. वेळेच्या बाबतीत विमान पुढेच राहणार, ते राहो.

मुळात ही वाट उलट्या दिशेने तुडविलेली आहे, हे आपण विसरतो. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला याच भोपाळात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे तह होऊन माळव्यावरचा हक्क पदरात पाडून घेतला. दोराहा आजच्या सीहोर जिल्ह्यात, आमच्यापासून फार दूर नाही. शिंदे, होळकर, पवार यांच्यामागून आपले पूर्वज आले ते घोड्यावर, बैलगाडीत, आणि बव्हंशी पायी. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने ग्वाल्हेरकडे निघाले, तेही पायीच. त्यांची हकीकत 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली छापली गेली. ती ज्यांनी वाचली आहे त्यांना ठाऊक आहे की त्या काळी कोकण आणि माळवा यांच्यामध्ये किती मुक्काम, किती नद्या आणि किती भीती होती. त्या मुक्कामांनीच माणूस आपण कोठून कोठे आलो हे शिकत असे.

आता समुद्राकडे वळतो. भोपाळला समुद्र कुठला, असे कोणी हसून म्हणेल. पण या गावाचा मुंबईशी जो जुना संबंध आहे तो बंदरामुळेच. भोपाळच्या सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये हजला गेल्या, त्या मुंबईला गलबतात बसून. तेव्हा भोपाळला रेल्वे नव्हती. त्यांनी त्या यात्रेचे वर्णन लिहिले आणि १८७० साली त्याचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. म्हणजे भोपाळकरांच्या लेखी मुंबई हे प्रथम एक दार होते, मक्केकडे उघडणारे.

आपल्या मराठी घरांनाही मुंबईचा समुद्र असाच लागे, पण दक्षिणेकडे तोंड करून. शिंदेशाहीत नावाजलेली शेणवी घराणी घ्या. त्यांची कुलदैवते गोमंतकात. चित्पावनांची कोकणात. मुलाची मुंज झाली, सून घरात आली, की देवाला जाणे आलेच. मग रेल्वेने मुंबई, मुंबईत कोणा आप्ताकडे एक मुक्काम, आणि तेथून भाऊच्या धक्क्यावर बोट. हा धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधलेला, म्हणून त्याला भाऊचे नाव. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट जाई. पुष्कळ ठिकाणी ती किनाऱ्याला लागत नसे, उतारू पडावात उतरत आणि पडाव किनाऱ्यास जाई. ज्या माळव्यातल्या माणसाने आयुष्यात क्षिप्रेपेक्षा मोठे पाणी पाहिले नाही, त्याला बोट कशी 'लागत' असेल याची कल्पनाच केलेली बरी. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे, आणि ते योग्यच होते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट मुंबईपासून थोड्याच अंतरावर बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्या दिवसाची आठवण कोकणी घरांत अजून निघते.

पुढे कोकणची ही प्रवासी बोट बंद पडली आणि २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे सलग धावू लागली. त्यातून एक गंमत झाली. दिल्लीहून एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्स्प्रेस भोपाळला थांबते, कल्याणवरून पनवेलकडे वळते आणि रत्नागिरीवरून मडगावला जाते. म्हणजे जी देवयात्रा गाडी, मुक्काम, बोट, पडाव आणि बैलगाडी अशा पाच टप्प्यांची होती, ती आज भोपाळच्या फलाटावरून एकाच डब्यात बसून करता येते. वाटेत मुंबई लागतही नाही. याला मी प्रगती म्हणतो, आणि मनापासून म्हणतो. जुने ते सोने म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. पडावात बसण्याची हौस मला नाही.

समुद्र आणि रेल्वे यांची खरी गाठ मात्र एका गाडीने घातली आणि ती गाडी आजही भोपाळहून जाते. तिचे नाव पंजाब मेल. १९१२ साली ती 'पंजाब लिमिटेड' या नावाने मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून पेशावरपर्यंत सुरू झाली. विलायतेची टपालबोट धक्क्याला लागावी, साहेब लोकांनी आणि टपालाच्या थैल्यांनी बोटीतून उतरून सरळ गाडीत चढावे, अशी ती योजना. सहा डबे, त्यांतले तीन माणसांचे, तीन टपालाचे, जागा अवघ्या ९६. पेशावरपर्यंतचे २,४९६ किलोमीटर ती सुमारे ४७ तासांत तोडी. इटारसी-भोपाळवरून ती जाई, पण आपल्यासारख्यांनी ती फलाटावरून पाहावयाची. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला लागले ते १९३५ च्या आसपास. फाळणीनंतर तिची धाव फिरोजपूरपर्यंत उरली. साहेब गेले, पेशावर गेले, बोटीही गेल्या. गाडी राहिली, आणि आता तिच्यात लग्नाच्या पेट्या आणि लोणच्याच्या बरण्या जातात. माझ्या मते तिचा हा दुसरा जन्म पहिल्यापेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

या मार्गाची बांधणीही समजून घेण्याजोगी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. १८६५ साली थळ घाट ओलांडून रूळ इगतपुरीला चढले, आणि ७ मार्च १८७० रोजी जबलपूरवरून मुंबई-कलकत्ता जोडली गेली. जूल्स व्हर्न या फ्रेंच लेखकाने ऐंशी दिवसांतल्या पृथ्वीप्रदक्षिणेची जी कादंबरी लिहिली, तिचा नायक याच रुळांवरून जातो. गाडी बऱ्हाणपूरला थांबते तेव्हा त्याचा नोकर खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो. आपले बऱ्हाणपूर पॅरिसच्या वाचकांना असे सपातांमुळे कळले! भोपाळ मात्र या रुळांपासून बाजूला राहिले होते. बेगमांनी आपल्या खजिन्यातून मोठा पैसा घातला तेव्हा १८८४ मध्ये इटारसीहून गाडी भोपाळला आली. इंदूरची कथा तशीच. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोट रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांसाठी दिले, आणि त्यातून खंडवा-इंदूर हा छोट्या रुळांचा मार्ग पाताळपाणीच्या घाटातून वर आला.

लक्षात घ्यावयाचे ते असे की, या दोन्ही संस्थानिकांनी पैसा ओतला तो खाली, दक्षिणेकडे जाणाऱ्या रुळांवर. इंदूर खंडव्याला जोडले गेले, भोपाळ इटारसीला. दोन्ही वाटा मुंबईच्या. त्यांचा विचार अर्थात कापसाचा, अफूचा आणि बंदराचा होता, मराठी भाषेचा नव्हे. पण त्याच रुळांवरून पडदे आणि पेटारे घेऊन नाटक मंडळ्या वर आल्या, मासिके आली, पाठ्यपुस्तके आली, आणि हुंडाबांड्याच्या चर्चा करीत वधूपिते आले. इंदूरच्या जुन्या मंडळींना 'खंडव्याला गाडी बदलणे' म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मध्यरात्री हमालाच्या डोक्यावर वळकटी देऊन फलाट ओलांडावयाचा, आणि पलीकडे मोठ्या रुळांची गाडी उभी दिसली की मुलांनी ओरडावयाचे, 'आली मुंबईची!'

विमानाबद्दल लिहिताना कोणी मला जुनाट ठरवू नये, म्हणून सांगतो की विमानही आपल्याकडे काही काल-परवा आलेले नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, आणि नोव्हेंबर १९३७ मध्ये टाटांनी मुंबई-दिल्ली विमानसेवा सुरू केली. तिचे थांबे कोणते? इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर. तीन संस्थानांच्या तीन राजधान्या एका दोरीत ओवलेल्या! रेल्वेने ही तिन्ही गावे एका सरळ रेषेत कधी आणली नव्हती, ती विमानाने आणली. माझ्या मते माळव्याच्या इतिहासात हे एक विलक्षण पान आहे आणि आपल्या शाळांतून ते कोणी सांगत नाही. आज भोपाळहून मुंबईचे विमान सुटते ते मधल्या कशालाही शिवत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचेही उद्घाटन झाले. तेव्हा कल्याण-पनवेलकडच्या आप्तांची सोय पुढे होईल, नाही असे नाही.

पण विमानात बसलेल्या आपल्या नातवाला काय दिसते? ढग. तो एका वातानुकूलित दालनातून दुसऱ्या वातानुकूलित दालनात जातो. दोन्हीकडे तीच हिंदी-इंग्रजी घोषणा, तेच दुकान, तीच कॉफी. भोपाळला तो हिंदी बोलतो, मुंबईला उतरून टॅक्सीवाल्याशीही हिंदीच बोलतो. मधला मुलूख त्याच्या लेखी नाहीच. मग घरात आपण जी मराठी बोलतो, ती त्याला आजी-आजोबांची एक खासगी सवय वाटते, जशी कोणाला तपकिरीची असते. तिच्या पाठीशी एक अख्खा देश आहे, शेते आहेत, भांडणारी-हसणारी कोट्यवधी माणसे आहेत, हे त्याला कोणी दाखविलेलेच नसते. मला भय आहे ते याचे.

आता तोच मुलगा गाडीत बसवा. राणी कमलापती सोडल्यावर घाट उतरून गाडी बुदनीला येते, नर्मदेच्या पुलावर चाकांचा आवाज बदलतो, आणि डब्यातल्या म्हाताऱ्या बायका अजूनही हात जोडतात. नर्मदा ओलांडली की आपण दक्षिणेत आलो, हे त्याला पंचांगातून कळणार नाही. पुलावर कळते, कारण संकल्पात आपण नर्मदेच्या कोणत्या तीरी आहोत ते म्हणावे लागते आणि आजोबा त्याला ते तेथेच सांगतात. इटारसी, हरदा, खंडवा. मग बऱ्हाणपूर, आणि पलीकडे रावेर. (हे रावेर म्हणजे बाजीरावाचे रावेरखेडी नव्हे, ते नर्मदेकाठी, सनावदकडे. जाणती माणसेसुद्धा येथे गोंधळतात.) रावेरपासून महाराष्ट्र सुरू होतो आणि केळीच्या बागा तर तापीच्या दोन्ही बाजूंना आहेत, केळीला राज्याची सीमा ठाऊक नाही.

रात्रीच्या गाडीतून हे काय दिसणार, असा आक्षेप येईल. दिसत नाही, ऐकू येते. भुसावळला डब्याचे दार उघडते आणि दोन माणसे आत चढून 'अहो, जरा सरका ना,' म्हणतात. भोपाळात सबंध वर्षात परक्या माणसाने परक्या माणसाला मराठीत सरकावयास सांगितलेले त्या मुलाने ऐकलेले नसते. त्यात एखादा खानदेशी म्हातारा अहिराणीत बोलू लागला, तर मुलगा विचारतो, ही कोणती मराठी? मग चाळीसगाव, मनमाड, नाशिक. पहाटे इगतपुरीचा गारवा आणि कसाऱ्याचा घाट. जाताना उतार, परत येताना ३७ फुटांस एक फूट असा चढ, म्हणून कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावून गाडी ढकलतात. कल्याण येईतो त्याने आपल्या भाषेचे चार तऱ्हेचे सूर ऐकलेले असतात. इतके शिक्षण कोणत्या मराठी वर्गात मिळते?

येथवर मी प्रवाशांना बोल लावला; आता रेल्वेच्या कारभाराकडे पाहू. भोपाळची दिल्लीकडची सोय पाहा. राणी कमलापतीहून रात्री निघणारी भोपाळ एक्स्प्रेस आहे, शताब्दी आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून वंदे भारतही आहे. गाडी आपल्या गावातून सुटते, स्वच्छ आणि रिकामी उभी असते, आपण सावकाश जाऊन बसतो. मुंबईकडच्या बहुतेक गाड्या मात्र गोरखपूर, लखनौ, अमृतसर, फिरोजपूरकडून येतात. भोपाळ हे त्यांचे मधले ठाणे. येतात त्या भरलेल्या, आणि पुष्कळदा उशिरा. २०१९ च्या जानेवारीपासून मुंबई-दिल्ली राजधानीची एक गाडी भोपाळवरून धावते, तीही आपली नव्हे, दिल्लीची. परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीला निघालेल्या रोग्याने अशा गाडीत वरच्या फळीवर चढावे काय? त्याला विमान परवडत नाही, आणि एका तपासणीने त्याचे भागत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी फेरी असते. तेव्हा विमानाचा हिशेब सगळ्या घरांचा नव्हे, याची आठवण सुखवस्तू मंडळींनी ठेवावी.

मुंबई ते भोपाळ हे अंतर ८३७ किलोमीटर. दिल्लीची वंदे भारत सुमारे ७०० किलोमीटर साडेसात तासांच्या आसपास तोडते. मग भोपाळहून सकाळी निघून रात्री जेवणाच्या वेळेला मुंबईला पोचणारी बसून जाण्याची गाडी अशक्य कशी? ती भोपाळहूनच सुटावी. दिवसाउजेडी नर्मदा, तापी, केळीच्या बागा आणि संध्याकाळी सह्याद्री दिसेल असे वेळापत्रक असावे. दिल्लीकडे जाणारी माणसे सरकारी कामाची, म्हणून त्यांना गाड्या. मुंबईकडे जाणारी नातवंडांची, औषधपाण्याची, म्हणून त्यांनी मधल्या स्टेशनवर धक्के खावे, ही वाटणी मला मान्य नाही. आणि यासाठी आपल्या मंडळांनी, गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उरलेल्या उत्साहाने का होईना, अर्ज करावेत. आम्ही बाग सेवनियाकर सह्या गोळा करावयास तयार आहोत.

इंदूरकरांचे तर काम मोठे आहे. महू ते ओंकारेश्वर रोड या भागातल्या छोट्या रुळांच्या गाड्याही २०२३ साली मोठ्या रुळांच्या कामासाठी थांबल्या. होळकरांच्या रेल्वेची आठवण म्हणून पाताळपाणी-कालाकुंड ही सहलीची गाडी तेवढी ठेवली गेली. पण सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंदूर-मनमाड या नव्या मार्गाला मंजुरी दिली आहे : ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, तीस नवी स्थानके, मुदत २०२८-२९. आज इंदूरची अवंतिका एक्स्प्रेस रतलाम-बडोद्यावरून, गुजरातला वळसा घालून मुंबईला जाते. मनमाडचा मार्ग झाला तर सेंधव्याचा घाट उतरून गाडी सरळ धुळ्यात शिरेल. पेशव्यांच्या फौजा ज्या अंगाने वर आल्या त्याच अंगाने आपण खाली जाऊ. मंजुरी म्हणजे रूळ नव्हेत, हे सांगावयास नकोच. जमिनी घ्यावयाच्या आहेत, बोगदे खणावयाचे आहेत. इंदूरच्या जुन्या घराण्यांत निवृत्त अभियंते, वकील, माजी रेल्वे अधिकारी थोडे नाहीत. त्यांच्यापैकी कोणी दर सहा महिन्यांनी या मार्गाचे काम कोठवर आले ते याच पानावर लिहून कळवावे. पहिला मजकूर महूच्या बाजूने किती जमीन ताब्यात आली यावर असला तर बरे.